हा माझा नवरा नव्हे

गिरणीच्या फाटकासमोर जमलेल्या लोकांवर गोळी चालवायची होती आणि तिचा इशारा बिगुलाने द्यायचा होता. बिगुल वाजवणाऱ्याने तो दिला नाही. बिगुल तोंडाशी नेला, खाली घेतला आणि पुतळ्यासारखा उभा राहिला. गोऱ्या कप्तानाने पुन्हा हुकूम सोडला. हा ढिम्म. शेवटी कप्तान स्वतःच ओरडला आणि व्हायचं ते झालंच. लोक पडले. त्याच संध्याकाळी बिगुलवाल्याच्या हातात बेड्या पडल्या.

पलटणीत त्याला सगळे बिगुल्या म्हणत. बायकोही मैत्रिणींपाशी बिगुल्याच म्हणायची, तोंडावर मात्र अहो-जाहो. ती शिंपीण होती. बापाच्या मांडीला मांडी लावून शिकलेली, डावखुरी, बाजारामागच्या बोळात दोन खोल्यांच्या घरात मशीन टाकून बसलेली. लष्करी कोर्टाने बिगुल्याला जन्मभरासाठी समुद्रापलीकडच्या बेटावर धाडलं, त्या दिवशी ती रडली नाही. तिच्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

थोरला भाऊ समजूत घालायला आला आणि समजूत राहिली बाजूलाच.

"गोळ्या सुटायच्या त्या सुटल्याच ना? मग याने काय मिळवलं? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तुझ्याही."

"त्यांच्या फुंकरीने नाही सुटल्या, दादा."

"मेलेल्यांना काय फरक पडला?"

"त्यांना नाही, मला पडला. त्या हातांनी ते घरी येऊन जेवायला बसले असते, तर मला वाढता आलं नसतं."

भावाने विषय सोडला. गल्ली मात्र सोडणारी नव्हती. सरकारी कारकुनांच्या बायकांनी तिच्याकडे कपडे टाकायचं बंद केलं. मग त्यांचं बघून इतरांनीही. राजद्रोह्याच्या बायकोने शिवलेला झगा घालून कोण मिरवणार? सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि त्यातच त्या गेल्या. जाताना सुनेचा हात हातात घेऊन एवढंच म्हणाल्या, "माझा पोर वेडा होता, पण वाईट नव्हता गं." शिंपीण गाद्या-उशांच्या खोळी शिवून दिवस ढकलत राहिली. कोणी कीव करायला आलं की ती कात्री अशी काही चालवायची की माणसाने आपणहून उठून जावं.

बरीच वर्षं अशी गेली. मग एके दिवशी कचेरीचा शिपाई निरोप घेऊन आला. बेटावरच्या कैद्याने बायकोला बोलावून घेण्याची परवानगी मागितली होती आणि सरकारने ती दिली होती. वागणूक चांगली म्हणून. जायचं असेल तर पुढच्या बोटीने.

भाऊ धावत आला. "तिकडे जाणारी बोट माणसं नेते, आणत नाही. एवढं तरी कळतं ना?"

"कळतं."

"गेलीस तर आमच्या लेखी मेलीस."

"बरं. मग रडून घ्या आत्ताच, मी समोर आहे तोवर."

मशीन विकून तिने बोचकं बांधलं. मोठी कात्री तेवढी विकली नाही.

बोटीवर अशाच निघालेल्या आणखी बायका होत्या. त्यात एक धोबीण होती. आवाज खणखणीत, तोंडाला लगाम नाही. तिच्या नवऱ्याने सरकारी धान्याचं कोठार पेटवलं होतं. बोट हलायला लागली की बाकीच्या बायका ओकायच्या आणि धोबीण म्हणायची, "ओका बायांनो, ओका, सरकारच्या समुद्रात जेवढं पडेल तेवढं थोडंच." त्या दोघींचं पहिल्याच दिवशी गूळपीठ जमलं.

बेटाच्या धक्क्यावर नवरे ओळीने उभे होते. डोक्याला एकसारख्या टोप्या, हातात एकसारख्या वेताच्या काठ्या.

"अगं बाई," धोबीण कठड्यावरून वाकून म्हणाली, "आपल्या सगळ्यांचे नवरे एकदमच म्हातारे झाले की काय? काठी टेकत आलेत!"

शिंपीण खो खो हसली. हसताना तिची नजर एकाच चेहऱ्यावर होती. तो वाळला होता, केस पिकले होते, पण कान तेच, जरा पुढे आलेले. तिला पाहताच तो ओळ सोडून पुढे आला. धक्क्यावर सगळ्यांदेखत त्याने तिचं बोचकं घेतलं आणि त्याला एवढंच बोलता आलं, "आलीस?"

"नाही, अजून वाटेतच आहे," ती म्हणाली आणि मग मात्र तिचा बांध फुटला.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, पण लख्ख. फळी तिच्या हाताला येईल अशी ठोकलेली. उजव्या भिंतीला नवी खिडकी पाडलेली. तिने विचारलं तेव्हा तो लाजून म्हणाला, "शिवताना तुझा डावा हात चालतो. उजेड उजवीकडून यायला हवा ना." इतकी वर्षं, इतका समुद्र, आणि या माणसाच्या लक्षात काय राहिलं होतं, तर तिच्या टाक्यावर सावली पडते ते. ती त्या खिडकीशी उभी राहिली आणि तिला वाटलं, भाऊ म्हणतो ते खरं असेल, आपण मेलो असू, पण मेल्यावर हे असं असतं तर काही बिघडत नाही.

पहिले दिवस सुखाचे गेले. तो बेटावरच्या चुनाभट्टीवर मुकादम होता. समुद्रातून काढलेले शिंपले आणि दगड भट्टीत भाजायचे, चुना पाडायचा, गोणीत भरायचा, बोटीवर चढवायचा. त्या चुन्यातून साहेब लोकांचे बंगले उभे राहत, इथल्या आणि मायदेशातल्या, दोन्ही किनाऱ्यांवर. हे सगळं तो तिला हौसेने सांगायचा. फक्त माणसांची नावं त्याच्या बोलण्यात कधी येत नसत.

"आज अठ्ठ्याहत्तर भोवळ येऊन पडला."

"अठ्ठ्याहत्तर कोण?"

"आहे एक. म्हातारा."

"त्याला नाव नाही?"

"असेल की," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

तिने ते मनावर घेतलं नाही. मुकादमांच्या बायकांना काम लागत नसे, पण नुसतं बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. धोबीण कैद्यांचे कपडे धुवायची. फाटलेले निघाले की ती शिंपिणीकडे आणून टाकायला लागली. जाड्याभरड्या बंड्या. गुडघ्याला, कोपराला फाटलेलं कापड शिंपीण जन्मभर बघत आली होती. या बंड्या पाठीवर फाटलेल्या होत्या. आडव्या, एकाखाली एक, आणि कडेला धुऊनही न गेलेला तपकिरी डाग.

"हे काय गं?" तिने विचारलं.

धोबिणीच्या तोंडाला लगाम नव्हता, तरी त्या दिवशी ती घुटमळली. "भट्टीवरचं आहे. शिव आणि टाक. विचारू नकोस."

"कोण मारतं त्यांना?"

"मुकादम मारतात. कोण मारणार? माझाही मारतो. आपले सगळेच मारतात." धोबीण कपडे पिळावेत तसे हात पिळत होती. "काठ्या टेकायला दिलेल्या नाहीत त्यांना. मलाही आल्यावरच कळलं."

शिंपिणीने बंडी खाली ठेवली. तशीच उठली, नवऱ्याचा जेवणाचा डबा घेतला आणि भट्टीची वाट धरली. त्या वाटेने बायका जात नसत. पहारेकऱ्याने हटकलं तर म्हणाली, "मुकादमाची बायको आहे मी. डबा विसरलेत." नवरा दुपारी जेवायला घरीच यायचा, पण पहारेकऱ्याला काय त्याचं?

भट्टीपाशी धूर आणि पांढरी धूळ. माणसं पाट्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढत होती. चुन्याने पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या. एका म्हाताऱ्याची पाटी कलली आणि निम्मा चुना खाली सांडला. बिगुल्या पुढे झाला. त्याने म्हाताऱ्याला खूण केली. म्हातारा सवयीने वळला, पाठ करून उभा राहिला. बिगुल्याने तीनचार वेत ओढले आणि टोपी सारखी केली. म्हाताऱ्याने पाटी उचलली.

बिगुल्याच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला ते एक वेळ सोसलं असतं. राग नव्हता. गादी झटकावी तसं त्याने ते काम केलं होतं.

डबा तिथेच ठेवून ती परत आली. तो दुपारी घरी आला तेव्हा तिला वाटलं होतं की आपण ओरडू. पण ती दाराच्या चौकटीत आडवी उभी राहिली. शेवटी म्हणाली, "त्या म्हाताऱ्याचं नाव काय?"

"तू भट्टीवर कशाला आलीस?"

"नाव विचारलं मी."

"सुतार होता पूर्वी. नाव मला ठाऊक नाही."

"पाठ ठाऊक आहे, नाव ठाऊक नाही!" आता ती ओरडली. "ज्याने बिगुल खाली घेतला म्हणून मी गावभर मान ताठ ठेवून हिंडले, तो हा? लोकांनी माझ्या दारात कपडे टाकायचे सोडले, भावाने मला जिवंतपणी मारून टाकलं, ते या काठीसाठी?"

"काठी तुझ्यासाठीच घेतली," तो हळूच म्हणाला.

तिला आधी कळलंच नाही.

"साध्या कैद्याला बायको आणता येत नाही. फक्त मुकादमाला येते. पहिली कित्येक वर्षं मी त्याच फळीवरून पाट्या वाहिल्या. माझी पाठ तू पाहिली आहेस. मग साहेबाने विचारलं, मुकादम होतोस का? मी विचारलं, बायको आणता येईल का? तो हो म्हणाला. बस, एवढंच."

 पाठ तिने पाहिली होती. हात फिरवला होता, रडली होती. पण त्या कळवळ्यामागोमाग असा संताप उसळला की ती भिंतीला टेकली.

"मला विचारलंत? म्हाताऱ्याच्या पाठीच्या बदल्यात येतेस का, म्हणून विचारलंत मला?"

"मी नाही मारलं तर दुसरा मारेल. माझ्यापेक्षा जोरात मारेल. मी निदान बेताने मारतो."

"फाटकापाशीही तू फुंकला नाहीस तर दुसरा ओरडलाच होता! तेव्हा हा हिशोब कुठे गेला होता तुझा?"

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला अरे-तुरे केलं होतं. दोघांनाही ते ऐकू आलं.

"तेव्हा मला माहीत नव्हतं," तो म्हणाला, "एकदा नाही म्हटल्यावर ते रोज म्हणत राहावं लागतं. रोज, सकाळी उठून, चुन्यात. माझ्यात तेवढं नव्हतं गं. आणि मला तू हवी होतीस."

"मग आता मी आले आहे. आता ठेव ती काठी खाली."

"ठेवली तर तुला बायकांच्या कोठीत टाकतील. मला भट्टीत. आपण एकमेकांच्या दृष्टीस पडणार नाही."

"नाही पडलो तर नाही पडलो."

"तुला सोपं आहे बोलायला!"

"सोपं?" तिने मशीन विकलेल्या, बोटीत ओकलेल्या, घर सोडलेल्या सगळ्या दिवसांचा दात-ओठ खाऊन एकच शब्द केला. "नीघ. भट्टीची वेळ झाली तुझी."

तो गेला, काठी घेऊन. पुढचे काही दिवस तिने वाट पाहिली. रोज तो जायचा, काठी घेऊन. रोज यायचा, काठी कोपऱ्यात उभी करायचा आणि खाली मान घालून जेवायचा. तिने अबोला धरला. मग रडून पाहिलं. मग प्रेमाने सांगून पाहिलं, मांडीवर त्याचं डोकं घेतलं आणि म्हणाली, "आपण लांब राहू, पण माणसासारखे राहू." तो मांडीवर पडून हुंदके देत राहिला आणि भोंगा झाल्यावर उठून टोपी घालून गेला.

त्या दिवशी ती बेटावरच्या गोऱ्या साहेबाच्या कचेरीत गेली. मोठं टेबल, पंखा ओढणारा माणूस, शेजारी उभा दुभाषी. दुभाषी त्यांच्याच मुलखातला होता, पण साहेबासारखे बूट घालायचा आणि साहेबापेक्षा जास्त करकरवायचा.

"काय तक्रार आहे?"

"चुनाभट्टीवरचा मुकादम माझा नवरा नव्हे," शिंपीण म्हणाली.

दुभाष्याने डोळे विस्फारले. "बाई, जीभ सांभाळून."

"सांभाळूनच बोलते. माझा नवरा तुमच्या पलटणीत बिगुल वाजवायचा. माणसं मारायला नाही म्हणाला, म्हणून तुम्ही त्याला इथं आणलंत. त्याचं काय केलंत? त्याला परत द्या. हा जो तुम्ही मला दिला आहे तो माझा नव्हे."

ती बराच वेळ बोलली. दुभाष्याने साहेबाला ते एका वाक्यात सांगितलं. साहेबाच्या लेखी त्याचा एकच अर्थ होता: मुकादमाने सरकारला फसवून भलतीच बाई आणवली. त्याने लगेच बिगुल्याला बोलावून घेतलं.

तो आला. टोपी काखेत, काठी हातात. तिला तिथे पाहून त्याचा चेहरा उतरला.

दुभाषी म्हणाला, "ही म्हणते, तू तिचा नवरा नव्हेस. साहेब विचारतात, ही तुझी बायको आहे की नाही? नीट विचार करून बोल. आहे म्हणालास तर काही बिघडत नाही, बायका रागावतात, साहेबांना कळतं. घेऊन जा घरी, घाल दोन रट्टे. नाही म्हणालास तर खोटं बोलून सरकारची बोट वापरलीस असं होईल. मुकादमी जाईल आणि पाठ सोलून निघेल."

शिंपिणीला तोवर हे सुचलंच नव्हतं. तिला फक्त नकार द्यायचा होता. त्या नकाराचे वेत कोणाच्या पाठीवर पडतील हे तिला आत्ता दिसलं. तोंड उघडून ती काही म्हणणार होती. पण काय म्हणणार? हो, माझा आहे?

बिगुल्याने तिच्याकडे पाहिलं.  मग काठी साहेबाच्या टेबलावर ठेवली.

"नाही," तो म्हणाला. "ही माझी बायको नाही."

ते त्याने कशासाठी म्हटलं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिला सोडवायला म्हटलं, की सूड म्हणून, की त्या एका क्षणी तो फाटकापाशी उभा होता तसा पुन्हा उभा राहिला? ज्या 'नाही'साठी तिने इतका आटापिटा केला, तो 'नाही' हा शब्द आला तो तिच्याच अंगावर. तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. यातलं काहीच करता आलं नाही. शिपायांनी त्याला एका दाराने नेलं, तिला दुसऱ्या.

बायकांच्या कोठीत तिला चुन्याच्या गोणी शिवायचं काम मिळालं. दाभणाने गोणपाट शिवून हाताला घट्टे पडले. मोठी कात्री जप्त झाली. धोबीण घाटावरून येता-जाता डोकवायची, पदराआड दोन घास आणायची आणि बातमी द्यायची. बिगुल्याला फटके मारले. बिगुल्या फळीवर पाट्या वाहतो. बिगुल्याशी भट्टीवर कोणी बोलत नाही. ज्यांना त्याने मारलं ते त्याला पाणीसुद्धा सगळ्यांच्या शेवटी देतात. एकदा ती म्हणाली, "तो सुतार गेला गं. फळीवरून खाली आला तो उठलाच नाही."

"त्याला कोणी उचललं?"

"तुझ्याच त्याने. दुसरं कोण जवळ होतं?"

शिंपीण दाभण चालवत राहिली. तिला राग आवरत नव्हता. साहेबाचा, काठीचा, स्वतःचा, आणि त्या माणसाचा, ज्याला एवढं सगळं झाल्यावर म्हातारा उचलायला सुचलं.

मग पुष्कळ वर्षांनी साहेब लोक गेले. दोन्ही किनाऱ्यांवरून गेले. बेटावर नवा झेंडा आला, कोठीची दारं उघडली आणि ज्यांना मायदेशी जायचं त्यांच्यासाठी बोट लागली. धोबिणीचा नवरा तापाने गेला होता. ती म्हणाली, मी कुठं जाऊ, माझे धुण्याचे सगळे दगड इथंच आहेत. दोघींनी धक्क्याजवळ एक खोली घेतली. धोबीण धुवायची, शिंपीण शिवायची.

बोट निघायच्या आधी बिगुल्या आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. हाताची बोटं चुन्याने खाल्लेली, नखं नाहीत.

"येतेस?"

"कुठं?"

"घरी."

"माझं घर भावाने पुरून टाकलं. तुझं तू बघ."

"मला माफ कर."

"माफी सुताराकडे मागायची होतीस."

"मागितली होती," तो म्हणाला. "तो म्हणाला, पाटी उचल."

तिच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. कदाचित 'बस' असा साधा शब्द. पण तो तिने गिळला, आणि तो गेला.

पुढची गोष्ट तिला कोणी सांगायला हवी असं नव्हतं. ती गोष्टच चालत दारात आली. पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतला एक तरुण पुढारी मायदेशाहून बोटीने आला, खुर्ची नव्हती म्हणून ट्रंकेवर बसला आणि गोड आवाजात बोलायला लागला. बिगुल्याचा मोठा सत्कार होणार होता. गिरणीच्या रस्त्याला त्याचं नाव देणार होते. लोकांवर गोळी चालवायला नकार देणारा पहिला शिपाई. पुढारी म्हणाला, "ताई, अशा माणसाच्या पत्नीने व्यासपीठावर असायला हवं. आम्ही तुम्हाला न्यायला आलोय."

"चुनाभट्टीचं सांगणार का तिथं?"

"त्यांनी सोसलेले हाल? अर्थातच!"

"सोसलेले नव्हे. केलेले. तो मुकादम होता. सुताराला मारायचा. नंतर काठी टाकली, तेही सांगणार?"

पुढाऱ्याने घाम पुसला. "ताई, ते आता उगाळून काय उपयोग? लोकांना काहीतरी उजळ हवं असतं."

"तो काय म्हणाला यावर?"

"ते फारसं बोलत नाहीत. हार घालू दिला त्यांनी."

"घालू दिला!" शिंपीण ताडकन उठली. "नाही म्हणायला एवढं शिकला, एवढं भोगलं, आणि हाराला नाही म्हणता आलं नाही? ऊठ बाबा. ऊठ त्या ट्रंकेवरून. तुझ्या व्यासपीठावर सुताराला बसव आधी, मग मला बोलवायला ये."

पुढारी जो निघाला तो चहाचंही नाव न घेता निघाला. त्या दिवसापासून जो कोणी कपडे शिवायला येई, त्याला शिंपीण माप घेता घेता सगळं सांगायची: फाटक आणि भट्टी, दोन्ही. एक वगळून दुसरं कोणी मागितलं की त्याचं कापड परत करायची. सुताराचं नाव तिने बेटभर विचारत हिंडून शोधायचा प्रयत्न केला. कोणालाच ठाऊक नव्हतं.

पुढारी गेला त्या संध्याकाळी ती कापड बेतत होती आणि रागाच्या भरात कात्री रेघ सोडून चालली होती. धोबीण जवळ येऊन बसली.

"अजून मनातून गेला नाही का गं तो?"

"गेला असता तर एवढी चिडले असते का?" शिंपीण तिच्यावरच खेकसली.

धोबिणीने तिच्या हातातली कात्री काढून घेतली. "कापडाचा सत्यानाश करतेस. कोणाचं आहे ते तरी बघ," ती म्हणाली आणि दिवा लावायला उठली.